मामाने काढलेला बाईचा आवाज

"तुला नुसता बाईचा आवाज काढायला सांगितला होता मामा! पंपघर फोडायच्या बाता कोणी मारायला सांगितल्या?"

"माझ्यावर खेकसू नकोस. जीव ओतून बोल, म्हणून तूच मागे लागला होतास!"

भोवरा तरातरा खिडकीशी गेला. शाळा सोडल्यापासून त्याच्या हातात टिकलेलं हे पहिलंच काम. शहराचं पाणी परदेशी कंपनीकडे गेलेलं, तिला पैसा पुरवणारी बाहेरची मोठी बँक. दोघींबद्दल लोकांचं मत घरोघर जाऊन मोबाइलवर रेकॉर्ड करायचं. पण लोक दार किलकिलं करून "सगळं छान आहे" म्हणायचे नि कडी लावायचे. "सगळे एकच कसं बोलतात रे?" म्हणून कंपनीच्या साहेबाने झापलं. मग भोवऱ्याने घरीच मामाला बसवलं. मामा नकलांमध्ये वस्ताद. कधी खोकणारा म्हातारा, कधी चिडका ट्रकवाला. प्रत्येक आवाजाला भोवऱ्याने गल्लीतलं एकेक खरं घर चिकटवलं.

बाईच्या आवाजाला समोरच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंचं.

"बँकवाल्यांना नि कंपनीवाल्यांना कोंडायला पाहिजे. पंपघराचं कुलूप मीच फोडते बघा," असं मामा त्या आवाजात म्हणाला, तेव्हा दोघं पोट धरून हसले होते, नि भोवऱ्याने ते तसंच साहेबाला पाठवून दिलं होतं.

आणि काल कुलूप खरंच कोणीतरी फोडलं.

आता कंपनीची गाडी काकूंच्या दारात उभी. भोवऱ्याने माडीवरच्या खिडकीचा पडदा बोटभर सरकवला. गळ्यातली मापाची टेप तशीच, काकू बाहेर आलेल्या. कंपनीच्या एका माणसाने त्यांच्या कानाशी फोन धरला होता, तेच रेकॉर्डिंग असणार. त्या नुसती मान हलवत होत्या. नाही, नाही. दुसऱ्याने गाडीचं दार उघडलं.



"खिडकीतून हो बाजूला," मामा कुजबुजला. "विचारतील नि सोडतील."

"आणि नाही सोडलं तर? चल ना, त्यांच्यासमोर तोच आवाज काढून दाखव."

"खुळा झालास? मला आत टाकतील!"

"बरं, इथे तरी काढ. मी रेकॉर्ड करतो, तेच ऐकवतो."

मामाने तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली. पुन्हा घसा खाकरला, पण बाई नाही की बुवा नाही.

खाली काकूंना गाडीत बसवलं.

"राहू दे," भोवरा चपला शोधत म्हणाला. "सगळं मीच सांगतो. निघतो मी आता."