विरजणाचं भांडं

कल्याणराव जाऊन महिना होत आला होता, आणि केजच्या त्यांच्या टायपिंगच्या दुकानातून अंबाजोगाईच्या छापखान्यात गेलेली दुसरी फ्लॉपीही कोरीच निघाली.

“वहिनी, ह्यात काहीच न्हाई,” छापखान्यातला रामहरी फोनवर म्हणाला. “गिऱ्हाइकाचं लग्न आठ दिवसांवर आलंय. जमत नसलं तर तसं सांगा, पत्रिका हितंच टाइप करून घेतो.”

उमाबाईंनी फोन ठेवला. मजकूर टाइप करणं वीस वर्षं त्यांचंच काम होतं. आधी टाइपरायटरवर, मग भाच्यानं लिनक्स घालून दिलेल्या या कॉम्प्युटरवर. फ्लॉपी भरणं मात्र कल्याणरावांचं.

“दुकान बंद करू आई,” कावेरी म्हणाली. “माझ्याबरोबर पुण्याला चल.”

“कावून? मला टाइप येतंय.”

“फ्लॉपी येत नाही ना.”

“मग शिकव की. इतकी शिकलीस ती कशाला?”

कावेरीनं आईला सगळं करायला लावलं आणि बघत बसली. उमाबाईंनी फाइल फ्लॉपीवर टाकली, तिचं नाव तिथं दिसतंय याची खात्री केली, दिवा विझल्यावर फ्लॉपी ओढून काढली. चूक तिथंच होती. नाव दिसलं तरी मजकूर अजून मशीनच्याच पोटात असतो. फ्लॉपीच्या चित्रावर उजवं बटण दाबून ‘अनमाउंट’ म्हटलं की तो फ्लॉपीवर उतरतो. कल्याणराव हे न बोलता करायचे, म्हणून उमाबाईंना ते ठाऊकच नव्हतं.

समजलं सगळं, पण हाताला सवय नव्हती. तिसऱ्या खेपेलाही उमाबाईंनी फ्लॉपी तशीच ओढली.

त्या चित्राच्या सेटिंगमध्ये दोन चित्रं देता येत होती: फ्लॉपी जोडलेली असताना एक, अनमाउंट करून सोडवल्यावर दुसरं. आईला बघूनच कळावं म्हणून कावेरीनं आधी बंद आणि उघडं कुलूप लावलं.

“कुलूप लागलं म्हंजे काढू का नको?”

कावेरीलाही नीट सांगता येईना. मग तिनं वडिलांचे दोन फोटो स्कॅन केले, चष्म्याचा आणि बिनचष्म्याचा. उमाबाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या.

“फ्लॉपी काढायला त्यांना कशाला उठवतीस?”

कावेरीनं फोटो बंद केले.

“विरजणाचं भांडं काढ,” उमाबाई म्हणाल्या. “फडकं बांधलेलं. दही लागतंय तवर कुणी भांडं हलवत न्हाई.”

कावेरीनं माउसनं भांडं काढलं.

“भांडं हाय का भोपळा? पुण्यात दही पिशवीत मिळतंय वाटतं.”

दुसऱ्या चित्रात फडकं नव्हतं, वर घट्ट पांढरं दही होतं.

आता उमाबाईंनी फाइल टाकली. पडद्यावर फडकं बांधलेलं भांडं होतं. फ्लॉपीकडे निघालेला हात त्यांनी मागं घेतला, उजवं बटण दाबलं. मशीन किरकिरलं, दिवा लागला, विझला. फडकं गेलं तेव्हाच त्यांनी फ्लॉपी काढली आणि जीपवाल्या बंकटच्या हाती दिली.

दीड वाजता फोन आला.

“आला बघा वहिनी मजकूर! कावेरीताईनं करून दिलं का?”

“न्हाई. मीच केलं.” उमाबाई खुर्ची पुढं ओढून बसल्या. “सोमवारी अजून एक पत्रिका पाठवते. कागद जाड लाव, मागच्या खेपेला लई पातळ लावलतास.”

कावेरी चप्पल घालून स्टँडवर गेली, पुण्याच्या एका सीटची चौकशी करायला.