चढणारी मॉरिस

"धर घट्ट!" म्हणत जोतिबाने बारका गिअर टाकला, आणि मॉरिसची पुढची चाकंसुद्धा माती ओढायला लागली. धनगरवाड्याची शेवटची चढण. शेजारी बसलेल्या म्हसूने डोळेच मिटून घेतले. गाडी गुरगुरली, एका दगडावर तिरकी झाली, आणि काय सांगावं, चढली की हो! हिरड्याच्या झाडाखाली रवंथ करणारी शेरडं चौखूर उधळली.

"चढली रं म्हसू! चढली!" जोतिबाला हसू आवरेना.

म्हसू त्याचा धाकटा भाऊ. बायको रंभासोबत त्याचं बिऱ्हाड खाली पौडात. ही छोटी मॉरिस तो पुण्याला भाड्याने फिरवायचा. सणासुदीला पायी वर यायचा आणि आईजवळ बसून हळहळायचा, "आये, तुला कवाच घरी नेली आसती, पर गाडी चढत न्हाई." कंबर मोडल्यापासून आईला, तुकाबाईला, चार पावलं चालवत नव्हतं. डोलीत बसायचं नाव काढलं की ती हात झाडायची. डोलीतनं मानूस दवाखान्यात जातं, ल्येकाच्या घरी न्हाई, म्हणायची. तिचा एकच हट्ट होता: धाकट्याचा संसार डोळ्यांनी बघायचा आणि त्याच्या चुलीवरचं चार दिवस खायचं.

जोतिबा खडकीला लष्कराच्या वर्कशॉपात जिपा दुरुस्त करून आलेला, आता आईजवळच राहायचा. म्हसूच्या गाडीचा मागचा आस मोडला तेव्हा त्याने भंगारातली एक जीप आणली. पौडच्या लोहाराच्या भट्टीवर तिचा सांगाडा कापून मॉरिसच्या मापाचा केला, तापवून रिबिटा ठोकल्या, आणि चारी चाकांना जोर मिळेल अशा बेताने जिपेचं सगळं खालचं अंग मॉरिसच्या बॉडीखाली बसवलं. अख्खा उन्हाळा त्यात गेला. घोडीला रेड्याचे पाय लावतोय, म्हणून लोक मनसोक्त हसले.

म्हसू उतरला तो गाडीच्या मागे जाऊन, उताराकडे तोंड करून उभा राहिला. तोंड पांढरंफटक. गाडी लागली असेल म्हणून जोतिबाने पाण्याचा तांब्या नेऊन दिला.

"दादा, हिला हुती तशी करून दे."

"काय?"

"प्याट्रोल लई पिती ही."

"आरं, आये सकाळधरनं बोचकं बांधून बसलीया!"

म्हसूने तांब्या घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"रंभा घरात घेनार न्हाई आयेला. लगीन झाल्यापास्नं त्येच चाललंय. गाडी चढत न्हाई म्हनलं की भागत हुतं." मग मान खाली घालूनच म्हणाला, "तुज्यानं हे व्हनार न्हाई, आसं वाटलं हुतं मला."

याच्या कानशिलात द्यावी असं जोतिबाला वाटलं. म्हणजे इतकी वर्षं आईला चढण आडवी आलीच नव्हती. सख्खा भाऊ, आणि आपल्याला पत्ता लागू नये!

काहीतरी करायचं म्हणून तो वळला आणि जागीच थिजला. तो परसातल्या रांजणावर तांब्या भरायला गेला तेवढ्यात शेजारच्या बायांनी तुकाबाईला उचलून पुढच्या सीटवर बसवलं होतं. अंगावर ठेवणीतलं लुगडं, मांडीवर बोचकं. गाडीचं दार सताड उघडं होतं. तिने सगळं ऐकलं होतं.

म्हसूने "आये..." म्हणत तांब्या खाली ठेवला.

बोचक्याची गाठ चाचपत तुकाबाईने थोरल्याला विचारलं,

"जोत्या, गाडी खोलून हुती तशी करायला किती दिस लागत्याल?"

"का गं आये?"

"तेवढं दिस ऱ्हाईन म्हनते म्हसूकडं. मला पौडात सोडून गाडीच खोलून ठिवल्याली आसल, तर रंभा तरी मला माघारी कशी धाडंल?"