धाकट्याने काढलेली सहल

थोरल्याचा धंदाच संशयाचा. तो लिफ्ट तपासणीस होता. कुठल्याही इमारतीत शिरला की आधी वर बघायचा, मग खाली, आणि मग लिफ्टवाल्याच्या तोंडाकडे. "सगळं एकदम ओके आहे साहेब," असं कुणी म्हणालं की हा दोर पुन्हा पहिल्यापासून तपासायला घ्यायचा. त्यामुळे धाकट्या भावाचा फोन आला, "दादा, दोन दिवस सगळे मिळून थीम पार्कला जाऊ या, सगळं मी बघतो, तू फक्त बॅग भर," तेव्हा थोरल्याने फोन ठेवला आणि बायकोला म्हणाला, "पाणी कुठंतरी मुरतंय."

"सकाळी सकाळी पाण्याचं नाव काढू नका," बायको म्हणाली.

ते खरंच होतं. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खुर्चीत बसायचं, यंत्राने रक्त धुऊन द्यायचं, आणि दिवसभरात प्यायला मिळायचं ते एका बाटलीतलं पाणी. चहासुद्धा त्या बाटलीतूनच वजा व्हायचा. बायकोचा रक्तगट जुळला नव्हता. तेव्हा धाकटा आपणहून पुढे आला होता. दारातूनच म्हणाला होता, "माझी घे. मला दोन आहेत." थोरल्याला त्या रात्री झोप लागली नव्हती, कारण हा धाकटा लहानपणी बिस्किट द्यायचा तोसुद्धा आधी चारी कडा कुरतडून.

दवाखान्यात किडनी देणाऱ्या-घेणाऱ्यांचं काम बघणाऱ्या मॅडमनी तपासण्या सुरू केल्या, रक्त जुळलं, पुढच्या महिन्यात ऑपरेशन असं ठरत आलं. आणि मग धाकटा बोलेनासा झाला. फोनवर हवापाण्याच्या गप्पा. दवाखान्याचा विषय निघाला की "अरे, दारात कुणीतरी आलंय." आणि आता ही सहल.

डायलिसिसला शेजारच्या खुर्चीत निवृत्त पोस्टमास्तर बसायचे. त्यांना थोरल्याने सहज विचारल्यासारखं विचारलं. पोस्टमास्तर म्हणाले, "एक सांगू? देणारा मागे सरला तर डॉक्टर त्याला सांभाळून घेतात. घरच्यांना सांगतात, किडनी चालण्यासारखी नाही. म्हणजे नातंही तुटत नाही आणि कुणाचं नाकही कापलं जात नाही. माझ्या मेव्हण्याचं तेच झालं. पुढे दारूच्या नशेत तोच बोलून गेला."

थोरला घरी आला तो हे डोक्यात घेऊनच.

"नको जाऊ या," तो बायकोला म्हणाला.

"का? वाईट दिवस काय कमी काढलेत आपण? दोन दिवस मजेत गेले तर कुणाचं काही बिघडत नाही," ती म्हणाली, आणि तिने कपाटातून स्वतःची उन्हाची टोपी काढली. डॉक्टरांनीही परवानगी दिली. वेगाच्या पाळण्यात बसायचं नाही, उन्हात फिरायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशीचं डायलिसिस पार्कच्या जवळच्या केंद्रात करून घ्यायचं. ती सोयसुद्धा धाकट्याने आधीच करून ठेवली होती. थोरल्याला त्याचाही वास आला. एवढी धावपळ माणूस दोनच कारणांनी करतो, प्रेमाने नाहीतर अपराधाने.

पार्कच्या फाटकाशी तिकिटं तपासणारी मुलगी सगळ्यांच्या मनगटाला कागदी पट्टा बांधत होती. तिने थोरल्याचा डावा हात धरला तशी भावजय मध्ये पडली. "त्या हाताला नको, या हाताला बांधा!" डाव्या हातात ऑपरेशन करून शीर मोठी केलेली होती, यंत्राच्या सुया तिथंच टोचत. त्या हातावर घड्याळ नाही, ओझं नाही, घट्ट बाही नाही. याची बायकोलासुद्धा कधीकधी आठवण करून द्यावी लागायची. भावजयीला इतकं पाठ कसं? थोरल्याने हेही मनात टिपून ठेवलं.

भावजयीने त्याच्यासाठी थर्मासमध्ये बर्फाचे खडे आणले होते. तहान लागली की एक चोखायचा, पाणी कमी जातं. तिने सावलीतली बाकं शोधली, उशी आणली. धाकटा सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसत होता आणि प्रत्येक फलक वाचून दाखवत होता. त्यांची मुलगी टिल्ली, नऊ वर्षांची, तेवढी एक नेहमीसारखी होती. तिने रांगेत उभ्या उभ्या थोरल्याच्या डाव्या हाताला कान लावला. त्या शिरेतून रक्त जोरात वाहतं, त्याची घरघर ऐकू येते.

"मोठ्या काकांच्या हातात मोटार आहे," तिने रांगेतल्या अनोळखी बाईला सांगितलं.

"बंद पडली तर ढकलावं लागतं," थोरला म्हणाला, आणि आपणच विनोद केला याचं त्याला नवल वाटलं.

खरं तर त्याला मजा येत होती, हीच पंचाईत होती. तो प्रत्येक संथ पाळण्याचे खांब, नटबोल्ट, गंजाचे डाग बघायचा, नाक मुरडायचा, आणि मग बसायचा. छोट्या आगगाडीत तो टिल्लीसोबत सर्वांत पुढच्या डब्यात बसला. बोगद्यात अंधार झाला तेव्हा सगळी पोरं ओरडली आणि त्यांच्यात तोही ओरडला. बाहेर आल्यावर बायको त्याच्याकडे बघतच राहिली. कितीतरी महिन्यांत त्याचा असा आवाज तिने ऐकला नव्हता. लगेच त्याच्या मनात आलं, बकऱ्यालाही आधी पाला घालतात.

दुपारी तो हात धुवायला गेला. परतताना आईस्क्रीमच्या गाडीमागे धाकट्याचा आवाज आला. तो फोनवर होता.

"नाही मॅडम, अजून नाही सांगितलं. जमतच नाहीये. आज सांगतो, नक्की."

थोरला तिथंच थांबला. आईस्क्रीमवाला विचारत होता, "साहेब, कोणतं देऊ?" त्याने नुसती मान हलवली. मनात एक कडवट समाधान होतं. माझं चुकलं नव्हतं.

तो परत आला आणि म्हणाला, "मला त्या होडीत बसायचंय. धाकटा येईल माझ्याबरोबर. तुम्ही बसा सावलीत."

होडी एका खोट्या गुहेतून हळूहळू जायची. दोन्ही काठांवर बाहुल्या होत्या, बेडूक, अस्वलं, टोपी घातलेले ससे. त्या माना हलवून एकच गाणं पुन्हा पुन्हा गात होत्या, "या हो या, सगळे या." पुढच्या फळीवर दोघे भाऊ बसले. मागच्या फळीवर एक जोडपं आणि त्यांचं लहान पोर. होडी अंधारात शिरली.

"सांगून टाक," थोरला म्हणाला.

"काय?"

"जे सांगायला आणलंयस ते. मघाशी मॅडमना कबूल केलंस ना?"

धाकट्याने दोन्ही हातांनी होडीची कड धरली. बेडकांची रांग मागे गेली.

"दादा, माझी किडनी चालणार नाही म्हणतायत."

थोरला हसला. "वाटलंच. शब्दसुद्धा तेच."

"म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत आहे हे कसं चालतं. देणारा घाबरला की डॉक्टर त्याला हे वाक्य देतात. अरे, भ्यायलास तर भ्यायलो म्हण ना. स्वतःचं पोट फाडून घ्यायला कुणाला आवडेल? मी तुला शब्दाने बोललो नसतो. पण डॉक्टरच्या आड लपू नकोस. आणि हे असं, पोरीला पुढे करून, बर्फ चोखायला देऊन..." त्याचा आवाज चढला. गुहेत तो घुमला. मागचं पोर चुळबुळ थांबवून ऐकू लागलं.

"या हो या, सगळे या," ससे म्हणाले.

 धाकटा अगदी हळू म्हणाला, "विचारलं होतं त्यांनी."

"काय?"

"मॅडमनी. मला एकट्याला बाजूच्या खोलीत नेलं. म्हणाल्या, मनात नसेल तर आत्ता सांगा, आम्ही तुमच्या भावाला सांगू की किडनी योग्य नाही, खरं कारण कधीच कुणाला कळणार नाही. मी म्हटलं, एक दिवस द्या."

थोरल्याने त्याच्याकडे पाहिलं. अस्वलांच्या दिव्यात धाकट्याचं तोंड कधी हिरवं, कधी लाल दिसत होतं.

"रात्रभर विचार केला. टिल्लीचा केला, स्वतःचा केला. तुझा सगळ्यांत शेवटी केला, खरं सांगतो. दुसऱ्या दिवशी जाऊन म्हटलं, देणार. मग शेवटचं स्कॅनिंग झालं. एक किडनी लहान निघाली, सगळं काम दुसरीच ओढतेय. मोठी काढली तर मी मशीनवर, आणि लहान तुझ्या उपयोगाची नाही. डॉक्टर म्हणाले, नाही. आणि दादा..." त्याने तोंडावरून हात फिरवला. "नाही म्हणाले तेव्हा मला आधी हायसं वाटलं. सुटलो, असं वाटलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत वाटत होतं. खाली रिक्षात बसलो आणि मग तुझी आठवण झाली. आता कोणत्या तोंडाने सांगू? मॅडम म्हणत होत्या, आम्ही सांगतो. मी म्हटलं, नको, मीच सांगेन. आधी तुझे दोन दिवस तरी बरे जाऊ देत."

आणि तो रडू लागला, मोठा माणूस रडतो तसा, नाक ओढत, ओंगळ.

"आई, ते काका का रडतायत?" मागून पोराने विचारलं.

"अस्वलाला घाबरले," आईने घाईघाईने सांगितलं.

सबंध आयुष्यात लोक थोरल्याला दोराची धड बाजूच दाखवत आले होते. तुटलेल्या तारा आपणहून कुणी दाखवल्या नव्हत्या. खोटंच बोलायचं असतं तर धाकट्याने ते हायसं वाटणं सांगितलं नसतं. ती मॅडमची खोली तर मुळीच सांगितली नसती. थोरल्याचा विश्वास बसला, आणि बसल्याबरोबर त्याला खरी भीती वाटली. इतका वेळ तो भावावर रागावलेला होता, त्यामुळे ही भीती लांब राहिली होती. म्हणजे पुढच्या महिन्यात काही नाही. म्हणजे पुन्हा खुर्ची, सुया, बाटली. किती वर्षं, कुणास ठाऊक.

त्याने धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाला, "एक लहान आहे म्हणतोस? मग पाणी जास्त पी. माझ्या वाटचं पण पी."

धाकटा रडता रडता हसला. होडी उजेडात आली.

बायकोला त्याने संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत सांगितलं. ती पलंगाच्या कडेवर बसून टोपीची नाडी गुंडाळत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "आणि तुम्ही विश्वास ठेवलात? तुम्ही?"

"ठेवला."

"लिफ्टच्या बटणावर विश्वास नाही तुमचा. मला वाटतं त्याने तुम्हाला गुंडाळलं. त्याच्या बायकोचा बर्फ, तिची उशी, उगाच का? दवाखान्यात जाऊन विचारा. कागद बघा."

"नाही बघायचा."

"का?"

"देणार म्हणाला होता तेही मी तपासायला गेलो नव्हतो."

 दिवा बंद केल्यावर ती रडली, त्याने तिला रडू दिलं. तिची सगळी आशा त्या एका तारखेवर होती आणि राग काढायला तिला कुणीतरी हवं होतं, हे त्याला कळत होतं. तोही सकाळपासून तेच करत आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जवळच्या केंद्रात डायलिसिस झालं. धाकटा पहिल्यांदाच शेवटपर्यंत शेजारी बसला. सुया टोचताना त्याने मान फिरवली आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. नर्सने पाणी आणलं ते पेशंटसाठी नाही, त्याच्यासाठी. "हा देणार होता मला किडनी," थोरल्याने नर्सला सांगितलं, आणि दोघेही हसले. मग पत्ते खेळले. धाकट्याने नेहमीप्रमाणे लबाडी केली, थोरल्याने नेहमीप्रमाणे पकडली.

दुपारी धाकटा म्हणाला, "थकला असशील, सरळ घरी जाऊ."

"का म्हणून? पट्टा अजून हातात आहे माझ्या."

मग ते पुन्हा पार्कमध्ये गेले. थोरल्याच्या अंगात त्राण नव्हतं, म्हणून फाटकाशी चाकाची खुर्ची घेतली. ती ढकलायची पाळी टिल्लीने कुणाला दिली नाही. लाकडी घोड्यांच्या चक्रापाशी थोरला थांबला, खांब बघितला, वरचं छत बघितलं, चालवणाऱ्या माणसाला दोन प्रश्न विचारले, आणि बायकोला म्हणाला, "चल."

"मी? या वयात?"

"घोडा तुझं वय विचारणार नाही."

ती बसली. भावजय खाली उभी राहून फोटो काढत होती. पहिल्या फेरीला बायकोने तिच्याकडे बघितलंच नाही. दुसऱ्या फेरीला बघितलं. तिसऱ्या फेरीला तिने आपली टोपी काढून तिच्याकडे फेकली, "धर गं, उडून जाईल." त्यांच्यात त्या दिवशी एवढंच बोलणं झालं, पण थोरल्याला ते पुरलं.

आठवड्याने तो दवाखान्यात मॅडमना भेटायला गेला. धाकट्याच्या तपासण्यांची फाइल समोर ठेवून त्या म्हणाल्या, "भावाबद्दल काही विचारायचंय?"

फाइल टेबलावरच होती, हाताच्या अंतरावर. अर्थात विचारलं असतं तरी त्यांनी काय सांगितलं असतं, आणि त्यावर त्याने किती विश्वास ठेवला असता, हा प्रश्नच होता.

"नाही," थोरला म्हणाला. "किडनीच्या प्रतीक्षा यादीत नाव लावायचंय. ते कुठं करतात?"