अर्धवट दाबलेल्या लग

कारखान्यात सगळे तिला मावशी म्हणत, कारण तिची सख्खी भाची शेजारच्याच टेबलावर बसे आणि दिवसभर मावशी-मावशी करत राही. अठरा वर्षं मावशी कंट्रोल पॅनेलच्या वायरी जोडत होती. टोक सोलायचं, लगमध्ये, म्हणजे वायरीच्या टोकाला बसणाऱ्या तांब्याच्या छोट्या टोपणात घालायचं आणि पक्कड दाबायची. ही पक्कड पूर्ण दाबल्याशिवाय उघडत नाही. मध्येच अडकली तर सोडवायला आत एक बारीक खटका असतो.

गेले तीन आठवडे मावशी तो खटका मुद्दाम वापरत होती. अंगठ्याचा सांधा सुजला होता. शेवटचा जोर लावताना डोळ्यांपुढे काजवे चमकत, म्हणून ती जरा आधीच पक्कड सोडवी. लग दिसायला ठाकठीक, पण आतून सैल. दुखणं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं; हात गेला की कामावरची खुर्ची जाते, हे तिनं आधीच्या दोन कामगार बायकांच्या बाबतीत पाहिलं होतं.

त्या दिवशी एका लिफ्टचं पॅनेल तयार झालं. तपासनिसाला सगळे ‘ओढ्या’ म्हणत. दहातली एक वायर ओढून बघणं हेच त्याचं काम. त्यानं ओढलेली एकही हलली नाही.

“मावशींचं काम म्हणजे डोळे झाकून सही!”

“तू नाहीतरी झाकूनच करतोस,” भाची म्हणाली.

त्यानं पेन उघडलं. मावशीनं खालच्या रांगेतली एक वायर धरून हिसका दिला. वायर हातात आली, लग जागेवरच राहिली.

“सही करू नकोस. अंगठा दुखतो म्हणून मी अर्धवट दाबत होते. आधी गेलेली दोन पॅनेलंही तशीच आहेत.”

“अहो, मला सांगायचं ना!”

“काय केलं असतंस? माझा अंगठा ओढून बघितला असतास?”

मालकीणबाई आल्या. सगळं ऐकलं आणि फोन मावशीपुढे सरकवला. मावशीनं दोन्ही इमारतींना लिफ्ट ताबडतोब बंद करायला सांगितलं. दुसऱ्या ठिकाणचा माणूस वैतागला. “चूक कुणाची लिहू?”

“माझी लि—”

मालकीणबाईंनी फोन काढून घेतला. “कारखान्याची लिहा. आमची माणसं तासाभरात येतायत.” मग मावशीकडे वळून म्हणाल्या, “गाडीत बसा. पक्कड भाची धरेल. कुठली सैल आहे ते तुम्ही सांगायचं. आणि अंगठ्याचं मला आधी सांगायचं होतंत, एवढंच.”