आज सगळी दारं तुझी

आमच्या कामाचा नियम सोपा होता. दोघींनी कायम एकत्र राहायचं आणि दारं वाटून घ्यायची. एका दारावर जोडीदारीण बोलणार, मी शेजारी उभी. पुढच्या दारावर मी. दीड वर्षाच्या धर्मसेवेसाठी परदेशात आलेल्या सगळ्या मुली अशाच जोडीने दारोदार धर्माचा संदेश सांगत फिरत. पण बाबांना जाऊन पाच आठवडे झाले होते, आणि ते पाचही आठवडे माझ्या वाटणीच्या दारांवर तीच बोलत होती.

त्या सकाळी तिचा घसा बसला. शेगडीजवळ उभं राहून तिने तोंड उघडलं, तर नुसती हवा. मग तिने कागदावर लिहिलं, ‘आज सगळी दारं तुझी.’ आणि त्याखाली, ‘चार वाजता थोरल्या ताई.’

थोरल्या ताई आमच्या प्रमुख. नव्या नेमणुकांची यादी ठरायची होती आणि त्यांना माझं उत्तर हवं होतं: उरलेले अकरा महिने इथेच, की घरी परत. बाबा गेले तेव्हाही त्यांनी विचारलं होतं. अशा वेळी जाण्याची मुभा होती. मी दादाला लिहिलं की काम सोडून मी येणार नाही, आणि त्याची प्रत ताईंना दिली. ताईंना ते पत्र इतकं आवडलं, की त्यांनी ते सगळ्या केंद्रांत वाचायला पाठवलं. पाठीवर शाबासकीच्या थापा पडल्या. खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी जात नाही तोवर बाबा घरातच आहेत, चष्मा शोधताहेत, असं धरून चालता येत होतं.

खोलीत पाय ठरत नव्हता. मी दोन्ही पलंगांच्या चादरी दोनदा झटकल्या. जोडीदारणीने माझ्या हातातून उशी काढून घेतली आणि दाराकडे बोट केलं.

पहिल्या इमारतीत जिन्यावर एक वायरमन शिडी लावून चढला होता. आमच्या छातीवरचे बिल्ले बघून म्हणाला, “आलात का? तुमच्या वरच्या साहेबांना सांगा, चौथ्या मजल्याचा फ्यूज रोज उडतो. मला वाटतं, ते त्यांच्याच हद्दीत येतं.”

“कळवते,” मी म्हणाले. जोडीदारीण आवाजाविना हसली.

सहा दारं उघडलीच नाहीत. सातवं उघडलं तेव्हा समोर एक साठीचे गृहस्थ होते, एका गालावर दाढीचा साबण. मागे खुंटीवर बस ड्रायव्हरची जुनी टोपी.

“काय विकताय?”

“काही नाही, काका.”

“बरं झालं. मला घ्यायचंही काही नाही.” मग त्यांचं लक्ष बिल्ल्यांकडे गेलं. “गेलेली माणसं पुन्हा भेटतात म्हणणारे ते तुम्हीच ना? आमची ही गेली, आठ महिने झाले.”

शिकवलेलं सगळं माझ्या तोंडून आपोआप बाहेर आलं. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, काही चुकलं नाही. “हो काका. भेटतात. आणि ओळखतात.”

“दाढी वाढलेली असली तरी?”

“तरी.”

त्यांनी बाहीने साबण पुसला आणि ते दाराला टेकून रडले. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, “फार बरं वाटलं गं पोरी.”

जिना उतरताना जोडीदारणीने वहीत त्या दारापुढे लिहिलं, ‘उत्तम भेट.’ ते दोन शब्द मी पुन्हा वाचले. आम्ही रस्त्यावर आलो, कोपऱ्यापर्यंत गेलो, आणि मी मागे फिरले. एकाच दारावर एका दिवसात दोनदा जायचं नाही हाही नियमच होता. ती माझी बाही ओढत मागून पळत आली. ओरडायला आवाज नव्हता.

काकांनी दार उघडलं. “काही राहिलं का?”

“मघाशी सांगितलं ते पाठ होतं, काका. माझे बाबा गेलेत. त्यानंतर मला ते खरं वाटतं की नाही, मला माहीत नाही.”

ते चिडले. “मग सांगितलंस कशाला? पुढचा थांबा कुठला ते ठाऊक नाही, आणि पुकारा मात्र खणखणीत!”

“चुकलं माझं.”

“घरी जाऊन आलीस?”

“नाही.”

“का?”

मी सांगितलं. घर, चष्मा, सगळं. जोडीदारीण माझ्या मागे उभी होती. तिनेही ते पहिल्यांदाच ऐकलं.

काका दाराची कडी खालीवर करू लागले. “ती गेली तेव्हा मी गाडीवर होतो. वाटेत निरोप आला, तरी फेरी पूर्ण केली. सगळ्यांना सांगतो, गाडीत चाळीस माणसं होती, कशी सोडणार?” त्यांनी कडी सोडली. “नऊच होती. त्यांना उतरवून मागच्या गाडीत बसवता आलं असतं. मला पोचायचंच नव्हतं.”

त्यांनी दार लावलं, पण आपटलं नाही.

चार वाजता थोरल्या ताई आल्या, फाईल उघडून बसल्या. “काय ठरलं?”

“घरी जाते.”

“आता? तिथलं सगळं उरकलं असेल गं.”

“हो, उरकलंय.”

“आणि तुझं ते पत्र? किती मुलींना त्याने धीर दिला, माहितेय?”

“त्यातलं कारण खरं नव्हतं, ताई. मी घाबरले होते. तसं त्यांना कळवा. तुम्हाला जमत नसेल, तर मी लिहून देते.”

ताईंनी जोडीदारणीकडे पाहिलं. तिने मान हलवली, हो म्हणून. ताईंनी फाईल मिटली आणि त्या म्हणाल्या, “शुक्रवारचं विमान बघते.”

घरी फोन फक्त सोमवारी करायचा असे. तो बुधवार होता. आईने पहिल्याच घंटीला उचलला.

“आज कशी काय? बरी आहेस ना?”

“आई, मी येतेय. शुक्रवारी निघते.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “रडतेस काय अशी? फोनवर धड काही कळत नाही. इथे येऊन रड.”

मी रडत नव्हते. “हो,” म्हणाले, आणि पलंगाखालून बॅग ओढली.