पहाराही माझा, जाळही माझाच

मी दाहाचा निरोप्या बोलतोय. ओळख पटली नाही ना? पटणार कशी! मला अजून धड नावही मिळालेलं नाही. तुमच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मला घडवतात आणि पिटाळतात. कुठे जंतू घुसला, काटा रुतला, की मी हाकारा घालतो, "उठा, धावा, पेटवा!" मग ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. अंगात ताप चढतो. तुम्ही कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवता आणि मला शिव्या मोजता. मोजा. मी माफी मागायला आलेलो नाही.

माझं आयुष्य घटकाभराचं. एक विरतो तोवर दुसरा निघालेला असतो. निरोप तोच असतो, म्हणून मी आपला 'मी'च म्हणतो.

माझं घर म्हणजे वृंदा आगाशे. तिचा जन्म कलकत्त्याचा. वडील भवानीपूरला कॉलेजात शिकवत. ती लहान असताना तिचे दिगंबरकाका नागपूरहून औषधपाण्यासाठी त्यांच्याकडे येऊन राहिले. ते तिला मांडीवर घेऊन गोष्टी सांगत आणि मधेमधे खोकत. त्या खोकल्यातच पुढे ते वारले. त्यांचे क्षयाचे जंतू वृंदाच्या छातीत शिरले होते. मी हाक दिली. पेशी धावून आल्या आणि खांद्याला खांदा लावून जंतूंभोवती भिंत करून उभ्या राहिल्या. वृंदाला थोडी कणकण आली, एवढंच. जंतू मेले नाहीत, कोंडले गेले. त्या भिंतीवर मी वर्षानुवर्षं पहारा दिला. त्याबद्दल मला कुणी हार घातला नाही.

वृंदा मोठी झाली, मुलींच्या शाळेत गणित शिकवू लागली. खिदिरपूरच्या कस्टममधल्या श्रीकांतशी तिचं लग्न झालं. लीना झाली. आणि एकोणसत्तर सालच्या हिवाळ्यात मी तिच्या बोटांच्या सांध्यांत जाऊन पेटलो.

का? तिथे जंतू नव्हता, काटा नव्हता. आतूनच कुणीतरी खोटी वर्दी दिली होती. निरोप्या वर्दी पारखत बसत नाही. जो थांबून विचार करील, त्याच्या भरवशावर तुम्ही एक पावसाळाही जगणार नाही.

सकाळी तिच्या मुठी उघडेनात. ट्रामची दांडी धरवेना. ब्लाउजची बटणं श्रीकांत लावून देई. "आई, तुझा हात खूप दुखते?" लीना आपल्या बंगाली वळणाच्या मराठीत विचारी. डॉक्टर भादुरींनी ॲस्पिरिन दिलं आणि सांगितलं, "हा संधिवात चिवट आहे. धीर धरावा लागेल."

शेजारच्या शकुनताईंना धीर कुठला! त्यांनी ओळखीच्या कंपाउंडरकडून पांढऱ्या गोळ्या आणल्या. "घे गं. माझ्या जावेला आठवड्यात उतार पडला."

वृंदालाही पडला. त्या गोळीनं माझं तोंडच दाबलं. वृंदानं कणीक मळली, लीनाला कडेवर उचललं, घरभर हसत फिरली. तिचा चेहरा गोल गरगरीत झाला, तर लोक म्हणाले, "तब्येत सुधारली हो!"

पण गोळीला डोळे नसतात. तिनं मला बोटांत गप्प केलं तसंच छातीतही केलं. हाक थांबली तशी भिंतीतली एकेक पेशी ढिली पडली. कोंडलेले जंतू बाहेर पडले. वृंदाला खोकला लागला. कंपाउंडरनं बंगाली रीतीनं वहिनी म्हणत विचारलं, "ताप आहे का, बौदी? नाही ना? मग साधा खोकला." अरे शहाण्या, ताप आणणार कोण? तू तर माझ्याच तोंडात बोळा कोंबलास!

एक दिवस वर्गात खोकताना तिचा रुमाल लाल झाला.

एक्स-रे पाहून डॉक्टर भादुरींनी विचारलं, "आणखी काय घेता?" तिनं पर्समधली बाटली पुढे केली. त्यांनी गोळी हातावर घेऊन ओळखली: स्टेरॉइड. मग म्हणाले, "क्षयाची इंजेक्शनं आजच सुरू करू. ह्या गोळ्या एकदम तोडायच्या नाहीत, जिवावर बेतेल. हळूहळू उतरवू. पण बौदी, बोटं पुन्हा पेटतील."

"आणि गोळ्या चालूच ठेवल्या तर?"

"तर इंजेक्शनांना एकट्यानं लढावं लागेल. अंगाची साथ नसली तर मला खात्री देता येत नाही."

गोळ्या कमी होत गेल्या आणि मला कंठ फुटला. आधी छातीत धावलो, भिंत पुन्हा उभी केली. मग बोटांत शिरलो, ते सूड उगवल्यासारखा. वृंदा उशीत तोंड खुपसून कण्हायची. श्रीकांतला ते बघवेना. एका दुपारी तो पाण्याचा पेला आणि ठरल्यापेक्षा एक जास्तीची गोळी घेऊन आला. "एकच घे. डॉक्टरांना नको सांगायला."

तिची मूठ उघडत नव्हती. तिनं मनगटानंच ती गोळी त्याच्या तळहातावरून उडवली.

"अहो, दुखू दे. दुखतंय म्हणजे आत कुणीतरी जागं आहे. मेल्याला शिव्या मी घालीनच, पण झोपवायचं नाही आता त्याला."

मेल्या म्हणाली मला. उभ्या जन्मात माझ्या बाजूनं बोललेली ती पहिलीच.

दीड वर्षानं छाती बरी झाली. बोटं मात्र वाकडी झाली ती झालीच. ती शाळेत परतली, तेव्हा मोठ्या बाईंनी खुर्चीसुद्धा दिली नाही. "पालक घाबरतात. शिवाय फळ्यावरचं तुमचं अक्षर वाचवत नाही. तुम्ही आपणहून राजीनामा द्या, शोभून दिसेल."

"थुंकी पुन्हापुन्हा तपासलीय, जंतू नाही," वृंदा म्हणाली. "अक्षर वाकडं आहे, कबूल. गणित वाकडं आलं तर सांगा, त्या दिवशी मी जाईन."

आज शहात्तर साल आहे. मोठ्या बाईंनी अजून तसं सांगितलेलं नाही.

ऐकतो, साता समुद्रापलीकडे शहाणी माणसं मला शोधताहेत. सापडेन कधीतरी. मग मला जखडणारं औषधही निघेल. निघू दे! वृंदासारख्यांची बोटं वाचणार असतील तर खुशाल जखडा मला. पण मला 'रोग' म्हणून मोकळे होऊ नका. दोर आवळण्याआधी माणसाची छाती तपासा. मी तिथे कुणाला अडवून उभा आहे ते बघा. तेवढं बघायचं नसेल, तर मला हात लावू नका.

चला, शाळेची घंटा झाली. वृंदा खडू मुठीत आवळून फळ्यापाशी उभी आहे. मी तिच्या सांध्यांत आग ओततोय. तिनं ओठ दाबलेत. मी हटणार नाही, तीही नाही. समीकरणाची दुसरी ओळ सुरू झाली.