बुडूचा आवाज

बाजारातून आले आणि बघते तर स्वयंपाकघराबाहेरचा हुक रिकामा. पिंजरा नाही, बुडू नाही. आमचे यूनुसराव मात्र पुढच्या अंगणात खुर्ची टाकून आपल्या लाडक्या होल्याकडे, सेरुनाईकडे, मान वर करून बसलेले.

"माझा बुडू कुठाय?"

"दिला हमजाला. नदीवरच्या होडीवाल्या हमजाला," मान खाली न करता ते म्हणाले.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. घरट्यातून पडलेलं होल्याचंच पिल्लू ते. तांदळाची पेज बोटाने भरवून मी वाढवलं. आवाज फाटका, खरं आहे, म्हणून तर नाव बुडू. आमच्याकडच्या त्याच नावाच्या माशांच्या खारवलेल्या चटणीसारखा, नाकाला झोंबणारा, पण त्याच्याशिवाय जेवण जात नाही. पहाटे नारळाच्या दुधात भात शिजत घालते तेव्हा तो घुमायला लागतो. माझ्या दिवसातला तेवढाच वेळ कुणाच्या चाकरीत जात नाही.

"मला न विचारता?"

"अगं, त्याचं ऐकून ऐकून सेरुनाईचा गळा बिघडेल. सगळे जाणकार सांगतात, हलका पक्षी जवळ ठेवू नये."

जाणकार म्हणे. शुक्रवारी सकाळी घुमण्याच्या स्पर्धेला मैदानात उंच काठ्यांवर पिंजरे चढवायचे, परीक्षक खाली कान देऊन गुण मांडणार, आणि ही दाढी पिकलेली माणसं दोरीबाहेरून शिट्ट्या मारणार, चुटक्या वाजवणार. त्याला मी नावं ठेवत नाही. हौस आहे, असू दे. पण आमच्या ह्यांना त्यात आनंद म्हणून मिळताना मी कधी पाहिला नाही. सेरुनाई घुमला की ह्यांची बोटं मांडीवर चालू. सूर लांब होता का, शेवट भरदार होता का, एक गुण, दोन गुण. जिंकून आले तरी जेवताना तोंड वाकडं, दुसऱ्याच्या होल्याला एक गुण जास्त का दिला म्हणून. अशा माणसाने माझ्या बुडूला हलकं म्हणावं.

मी त्या दिवशी स्वयंपाक केला आणि ताट त्यांच्यापुढे आपटलं.

शुक्रवारी सेरुनाई काठीवर पिसं फुगवून गप्प बसला. पुढच्या शुक्रवारीही तेच. घरी तर त्याने तोंडच उघडलं नाही.

"पिंजऱ्यावरचं कापड तू वासाच्या साबणाने धुतलंस," यूनुस म्हणाले.

"हो, धुतलं. आणि ह्या घराचे वासेही मीच फिरवले. अजून काही?"

चप्पल पायात सरकवली आणि थेट नदीवर गेले. हमजाने मला बघताच पिंजरा काढून हातात दिला. "घेऊन जा, सोमबाई. लोक होडीत बसले की ह्याच्यावर हसतात. पण दोन दिवस नव्हता ना घुमत, तेव्हा तेच विचारत होते, काय झालं म्हणून."

बुडूला मी घरी नेलंच नाही. बाजारातल्या माझ्या भाताच्या टपरीवर, छपराच्या वाशाला टांगला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो सुरू झाला, तसाच फाटका, आणि भाताची पहिली चिमूट मी त्याच्या पिंजऱ्यात टाकली. ह्यांच्यावरचा राग मात्र तेवढाच होता, हेही सांगते.

चार दिवसांनी यूनुसराव टपरीवर हजर. बाकावर न बसता उभेच. "सोम, बुडूला घरी आण. हा गेल्यापासूनच सेरुनाई गप्प झालाय, मला वाटतं."

"तुम्हाला वाटतं? जाणकारांना विचारलंत का?"

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाही करत. बुडू इथून हलणार नाही. तुमच्या राजाला गरज असेल तर त्याला आणा इथे, माशांच्या वासात."

माणूस गेला. मला वाटलं, नाही यायचा, नाक फार मोठं. पण दुसऱ्या पहाटे आला, सेरुनाईचा पिंजरा रेशमी कापडात गुंडाळून. बुडूच्या शेजारी टांगला. मग बुडू खरखरला, आणि सेरुनाईने उत्तर दिलं. काय गोड उत्तर दिलं. भात घ्यायला उभी असलेली माणसं पैसे हातात धरून वर बघायला लागली.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. बोटं मांडीवर.

"तीन वेळा पूर्ण घुमला," ते पुटपुटले. "ह्या शुक्रवारी नेला तर..."

माझं डोकं फिरलं. अर्धा नारळ एका हातात कोंबला, दुसऱ्या हाताला धरून खोवणीवर बसवलं. "खोवा."

"अगं, मी ऐकतोय."

"ऐकायला कान लागतात. हात मला द्या."

लोक हसले. यूनुसरावांचा चेहरा लाल झाला, पण बसले. दोन्ही हात नारळात गुंतले, मोजायला बोट उरलं नाही. खोबरं ताटात पडत राहिलं. वर दोघे बोलत होते, एक फाटका, एक सुरेल. थोड्या वेळाने खोवण्याचा आवाज थांबला, म्हणून मी वळले. बोटं नारळावरच होती. मान वर, तोंड थोडं उघडं.

"सोम, आधी बुडू विचारतो आणि मग आमचा सांगतो," ते हळूच म्हणाले. "हे कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तुमच्याच डोक्यावर चालू होतं."

त्यांनी मान खाली घातली. मला दया आली नाही. भाताला पुरेल एवढं खोबरं झालं होतं, तरी मी दुसरा नारळ फोडून त्यांच्या हातात दिला.